रिकामं असेल तिथे शून्य

शून्याच्या इतक्या जवळ आजवर फार थोडी माणसं पोचली आहेत, आणि त्यांतले एक गृहस्थ मराठी होते. हे शून्य बर्फाचं नव्हे. त्याच्याही खाली पावणेतीनशे अंशांवर एक खरं शून्य आहे, जिथे थंडी संपते, कारण आणखी थंड व्हायला काही शिल्लकच राहत नाही. त्या शून्याच्या वर अंशाचा एक कोटीवा भाग, एवढ्याशा अंतरावर रेणू एकमेकांशी कसे वागतात याचं गणित या माणसाने उमेदीची सगळी वर्षं केलं. जिथे जग जवळजवळ स्तब्ध होतं त्या जागेचे ते जुने रहिवासी होते.

फक्त त्यांना खुर्चीत बसता येत नसे. चार मिनिटं झाली की उठायचे. जेवायचे ओट्यापाशी उभं राहून, एक घास इथे आणि दुसरा खिडकीशी. फोनवर बोलताना जिना चढायचे आणि उतरायचे, त्यामुळे पलीकडच्या माणसाला ते सतत धापा टाकत कुठूनतरी पळून आल्यासारखे वाटत. दाढी करताना बाथरूमचं दार उघडं असे, कारण एका गालाची दाढी आत आणि दुसऱ्या गालाची पॅसेजमध्ये होत असे.

मी त्यांच्या आयर्लंडमधल्या, डून लेरीच्या घरात खोली घेतली ती २०२०च्या फेब्रुवारीत. माझं ऑफिस सँट्रीला, विमानतळाच्या बाजूला. म्हणजे शहराच्या एका टोकाला नोकरी आणि दुसऱ्या टोकाला समुद्रकाठी घर. इतक्या लांब का, असं ऑफिसात सगळे विचारत. कारण इतकंच होतं, की पुण्याहून माझ्या आईने व्हिडिओ कॉलवर त्यांच्या आईला पाहिलं होतं. आजी तीन महिन्यांसाठी अमरावतीहून लेकाकडे आल्या होत्या. "घरात बाईमाणूस आहे," एवढं म्हणून आईने विषय संपवला. पाच आठवड्यांनी सगळं जगच बंद झालं, ऑफिस माझ्या खोलीतल्या टेबलावर आलं, आणि आजींचे तीन महिने पावणेदोन वर्षं चालले.

पहिल्या दिवशी त्यांनी मला दारातच सांगितलं, "मला काका म्हणायचं नाही. डॉक्टरही नको. विशेषतः मोठ्याने नको, शेजारीण ऐकते."

शेजारच्या म्हाताऱ्या आयरिश बाईंचा गुडघा दुखत असे. इथल्या सरकारी हॉस्पिटलांत अर्धे डॉक्टर आपलेच, त्यामुळे नावापुढे 'डॉ.' असलेला सावळा माणूस गुडघा बघणारच, अशी त्यांची खात्री होती. "मी तो डॉक्टर नाही, केमिस्ट आहे," असं त्यांनी एकदा कुंपणावरून समजावलं. त्यावर बाईंनी लगेच गोळ्या मागितल्या. शेवटी ते कंटाळून म्हणाले, "रोज धक्क्यावर चालत जा." बाई चालल्या, गुडघा सुधारला, आणि पुढच्या महिन्यात त्यांची बहीण खांदा घेऊन आली.

मी त्यांना सर म्हणू लागले. तेही त्यांना आवडत नव्हतं, पण तोवर त्यांची चार मिनिटं संपली होती.

जगातल्या सर्वांत थंड गोष्टींचा हा अभ्यासक घरातही विषयाला धरून राहत असे. हीटिंग लावायचं नाही, हा घराचा कायदा होता. आजी दोन स्वेटर, शाल आणि कानटोपी घालून स्वयंपाक करत. गरम जागा घरात एकच: जिन्याखालचं हॉट प्रेस. इथे कपाटाला प्रेस म्हणतात. ज्या कपाटात गरम पाण्याची टाकी असते आणि टॉवेल वाळत ठेवतात ते हॉट प्रेस. सरांनी टाकी बंद करून तिच्याशेजारी दोन जुने कॉम्प्युटर ठेवले होते. ते रात्रंदिवस रेणूंची गणितं करत आणि त्यांच्या पंख्यातून येणाऱ्या गरम हवेवर आमचे टॉवेल वाळत. विश्वातल्या सर्वांत थंड रेणूंनी मला दीड वर्ष कोरडा टॉवेल पुरवला, हे मी कृतज्ञतेने नोंदवते.

"विद्यापीठात मोठं मशीन नाही का?" मी विचारलं होतं.

"आहे. रांगही मोठी आहे. मोठी कामं तिकडे, बारीकसारीक इथे."

आजींना रोज जेवणाआधी गायीचा घास काढायची सवय. डून लेरीत गाय कुठली? त्या घास मागच्या अंगणाच्या भिंतीवर ठेवत आणि सीगल नावाचा तो उद्दाम पक्षी तो घेऊन जाई. "गाय नाई त गाय नाई," आजी म्हणत, "पांढरं हाये, पोट हाये, देवाले चालते." लेकाला मात्र त्यांचं एकच पालुपद: "बसून जेव ना बाप्पा. भिंगरी हायेस का?" मग माझ्याकडे वळून, "लहानपणापासून असाच हाये हा. झोपला तरी पाय हलवते."

त्यांचं काम त्यांनी मला एकदा ओट्यापाशी समजावलं होतं. मी कणीक मळत होते आणि ते फ्रिज ते खिडकी अशा फेऱ्या मारत होते.

"दोन जोडपी आहेत. प्रत्येक जोडप्यात एक हलका अणू, एक जड. दोघेही सोडियमच्या घराण्यातले. ही दोन जोडपी भेटली तर काय होईल? नीट विचार करून सांग."

"भांडतील."

"भांडायला ऊर्जा लागते. तिथे ती नाही. आता बघ, त्यांच्यातले तिघे एक टोळी करू शकतात आणि चौथा बाहेर पडतो. टोळीचा खर्च दोन जोडप्यांपेक्षा कमी असेल तर ते तसं करतील, कितीही थंडी असो. खर्च जास्त असेल, अगदी नखभर जास्त, तर नाही करणार. कारण तो नखभर द्यायला तिथे कुणी नाही. एवढ्या थंडीत सगळेच कफल्लक."

"मग खर्च किती?"

ते थांबले. म्हणजे जागच्या जागी पावलं टाकू लागले. "तेच तर. कापसाने भरलेली गाडी काट्यावर चढवायची, वजन घ्यायचं. उतरवायची, पुन्हा घ्यायचं. आणि त्या वजाबाकीतून बैलाच्या शिंगावरच्या माशीचं वजन काढायचं. माशी किती ग्रॅमची हेसुद्धा महत्त्वाचं नाही. उत्तर उणे की अधिक, एवढंच बघायचं."

हे चिन्ह दुसऱ्या एका देशातल्या मंडळींना हवं होतं. त्यांनी असे रेणू प्रकाशाच्या झोतात पकडून ठेवले होते, आणि ते पकडलेले रेणू नाहीसे होत होते. कुठे जात, कुणालाच कळत नव्हतं. सरांचं उत्तर उणे आलं असतं तर कोडं सुटत होतं: रेणू टोळ्या करून निसटतात. आणि कोड्याबरोबर आणखी एक गोष्ट सुटत होती. सरांची नोकरी एकेक वर्षाच्या कराराची. असे नऊ करार झाले होते आणि नववा २०२१च्या जूनमध्ये संपत होता. त्यांच्या प्रोफेसरबाई सरळ माणूस होत्या. त्यांनी सांगून टाकलं होतं, की उणे आलं तर पुढची तीन वर्षं पक्की. नाहीतर निधीच्या अर्जात लिहायला माझ्याकडे काही नाही, असंही त्या म्हणाल्या. पन्नाशीच्या माणसाला या विषयात दुसरीकडे कुणी बोलवत नाही. करार गेला की इथे राहायचा परवाना गेला, आणि त्या शून्याजवळची जागाही कायमची गेली. नऊ वर्षांत त्यांनी नागरिकत्वाचा अर्ज तीनदा सुरू केला होता. पण तो फॉर्म बसून भरायचा होता.

लॉकडाऊनमध्ये घरापासून आधी दोन आणि मग पाच किलोमीटरच्या पलीकडे जायला बंदी आली, तेव्हा या माणसाचं काय होणार अशी मला काळजी वाटली. त्यांनी नकाशा पसरला, कंपासने वर्तुळ काढलं आणि रोज सकाळी त्या वर्तुळाच्या कडेपर्यंत जाऊन यायला सुरुवात केली. समुद्राच्या बाजूला कड एका बाकावरून जात होती. "बाकाचा डावा अर्धा भाग कायदेशीर आहे," त्यांनी मला दाखवलं. बसायचं नव्हतंच, पण माहीत असावं. एकदा तिथे एका पोलिसाने त्यांना थांबवून कुठे राहता विचारलं. सरांनी घरापासूनचं अंतर सांगितलं आणि मोजणीतली संभाव्य चूक चाळीस मीटर, हेही सांगितलं. शिवाय ती चूक कुठून येते हे सांगायला घेतलं. पोलीस हळूहळू मागे सरकत म्हणाला, "यू आर ग्रँड, यू आर ग्रँड," म्हणजे इथल्या बोलीत ठीक आहे, जा. तो स्वतः त्या वेळी पाच किलोमीटरच्या बाहेर उभा होता, असं सरांचं मत पडलं.

आकड्यांवर त्यांचा विश्वास होता, पण कॉम्प्युटरने दाखवलेल्या आकड्यांवर नव्हता. प्रत्येक आकडा एका माणसाने मोठ्याने वाचायचा आणि दुसऱ्याने कागदावर खूण करायची, ही त्यांची पद्धत. विद्यापीठ उघडं होतं तेव्हा यासाठी ते विद्यार्थ्यांना पकडत. आता घरात आम्ही दोघीच होतो. मला दिवसभर मीटिंगा. म्हणून वाचन आजींकडे आलं. आजी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या. चाळीस वर्षं मुलांकडून पाढे म्हणवून घेतलेला आवाज. माझ्याकडे दुसरं काम आलं. "शंभर फाइलींतून आकडे उचलून एका तक्त्यात भरणारा छोटासा प्रोग्रॅम लिहून दे," सर म्हणाले. "एका रकान्यात प्रत्येकाची थरथर येईल."

"थरथर?"

"कितीही थंड केलं तरी रेणू पूर्ण थांबत नाही. शून्यावरसुद्धा जागच्या जागी थरथरत राहतो. ती धरावी लागते." ते जिना चढत होते, वरून ओरडले, "एकट्या अणूला मात्र थरथर नसते. थरथरायला दुसरा लागतो. त्याची फाइल रिकामी येईल. रिकामं असेल तिथे शून्य धर."

मी तसं लिहिलं. अर्ध्या तासाचं काम. एकट्या माणसाला थरथर नसते, हे विधान मी जिन्यावरच्या त्यांच्या पावलांचा आवाज ऐकत मनातल्या मनात तपासून पाहिलं आणि सोडून दिलं.

जानेवारीच्या शेवटी आजींनी तीन दिवस बसून तक्ता वाचला. टेबलाशी कानटोपी घातलेल्या आजी, आणि कागद भिंतीला टेकवून उभ्या-उभ्या खुणा करत फिरणारे सर. मी मीटिंगमध्ये आवाज बंद करून ऐकत असे.

"उणे तीन दशांश शून्य सात चार," आजी म्हणत. मग, "याच्यापुढचा रकाना रिकामा हाये. काय म्हणू?"

"कुणाची ओळ आहे?"

"एकट्याची."

"शून्य म्हण."

पुढे आजींना विचारायची गरज पडली नाही. रिकामं आलं की त्या आपणहून शून्य म्हणत. तसाही हिशेबात त्या जागी माझा प्रोग्रॅम शून्यच धरत होता. कागदावर त्यांना रिकामं दिसे, आणि वजाबाकीत शून्य जाई.

उत्तर आलं उणे एकसष्ट. कुठल्या मापात ते मला विचारू नका. सर स्वयंपाकघरात आले, "उणे," म्हणाले, आणि त्या दिवशी त्यांनी हीटिंग लावलं. दोन तास. प्रोफेसरबाईंनी आकडा त्या दुसऱ्या देशातल्या मंडळींना कळवला, अर्जात घातला, आणि सरांना लिहिलं की जूनची चिंता सोडा. आजींनी हे अमरावतीच्या बहिणीला फोनवर सांगितलं. बहिणीचा जावई सरांच्या जुन्या कॉलेजात होता. चौथ्या दिवशी तिथल्या एका पेपरात मथळा आला: 'वऱ्हाडच्या सुपुत्राने उलगडले शून्याचे गूढ'. खाली फोटो त्यांच्या बी.एस्सी.च्या वेळचा. कॉलेजने विज्ञान दिनाला, अठ्ठावीस फेब्रुवारीला, ऑनलाइन सत्कार ठरवला.

सत्काराच्या दहा दिवस आधी ऑफिसच्या मीटिंगमध्ये मी एका सहकाऱ्याला सुनावत होते. त्याच्या प्रोग्रॅममध्ये ग्राहकाचं वय भरलेलं नसेल तर शून्य धरलं जात होतं. मी बरीच रंगात आले होते. "रिकामं आणि शून्य यांत फरक आहे," मी म्हणाले. "शून्य म्हणजे आपल्याला माहीत आहे की काही नाही. रिकामं म्हणजे आपल्याला माहीतच नाही." हे वाक्य मला फार आवडलं. ते संपता संपता मला जिन्यावरून आलेला सरांचा आवाज आठवला.

दुपारी मी फाइली उघडल्या. एकट्या अणूच्या रिकाम्या होत्या, बरोबर. त्यांच्या खाली तिघांच्या टोळीच्या सहा फाइली होत्या. त्याही रिकाम्या. तिघे तर थरथरणारच. त्यांची थरथर शून्य धरल्यामुळे टोळी खर्चाला स्वस्त दिसत होती.

मी दोन दिवस गप्प राहिले. मीटिंगा उभ्यानेच केल्या, मग जिन्यावर. तिसऱ्या दिवशी सर खालून वर जात असताना मी वरून खाली येत होते. ते म्हणाले, "तू का फिरतेस? एका घरात एक पुरे."

मग मी सांगितलं. स्वयंपाकघरात, आजी लसूण सोलत होत्या त्यांच्यासमोर, कारण खोलीत बोलावून सांगायचा धीर नव्हता. सरांनी फक्त विचारलं, "कुठल्या ओळी?"

"तिघांच्या. सगळ्या सहा."

सर खुर्चीत बसले.

आजींच्या हातातला लसूण खाली पडला. "काय झालं रे?" त्या उठल्याच. "बसला काहून हा? पोरी, याले काय झालं?"

"काही नाही आई. पाय दुखले." ते तसेच बसून राहिले. मी घड्याळ बघितलं नाही, पण चार मिनिटांपेक्षा बराच जास्त वेळ होता.

मग आम्ही दोघांनी हॉट प्रेस उघडलं. दोनपैकी एक कॉम्प्युटर चालू होता. दुसरा, तिघांची थरथर मोजणारा, बंद होता. हवा बाहेर टाकायच्या त्याच्या जाळीवर बरोबर मापाची एक स्टीलची परात, तिच्यात मुगाचे सांडगे, आणि वर माझाच टॉवेल. आयर्लंडमध्ये ऊन नाही म्हणून आजींनी घरातली एकमेव उबदार जागा शोधली होती. मशीन तापून स्वतःहून बंद पडलं होतं. मला आठवलं, महिनाभर टॉवेल ओलसर लागत होते. मी आयर्लंडला दोष दिला होता.

सरांनी परात दोन्ही हातांनी अलगद उचलली, गरम हवेपासून लांब वरच्या फळीवर ठेवली आणि टॉवेल पुन्हा होता तसा पांघरला. "आईला सांगायचं नाही," ते म्हणाले. मशीन चालू केलं. अकरा दिवस लागणार होते.

"अकरा दिवस थांबा ना," मी म्हटलं. "कदाचित उणेच राहील. सत्कारही होऊन जाईल."

"अकरा दिवस तो आकडा त्यांच्याकडे खोटा राहील." त्यांनी फोन काढला आणि जिना चढत चढत प्रोफेसरबाईंना मेल लिहिली. वरून वाचून दाखवली: माझ्याकडून एक रकाना मोजायचा राहिला आहे, आधीचा आकडा कुणी धरू नये, अर्जातूनही काढावा.

"प्रोग्रॅम मी लिहिला होता. तसं लिहा."

"रिकामं असेल तिथे शून्य धर, हे तुला कोणी सांगितलं?"

"तुम्ही. पण मी विचारायला हवं होतं."

"विचारलं असतंस तर मी म्हटलं असतं, तेवढंही कळत नाही का." मेल गेल्याचा आवाज झाला. "मी त्या वेळी जिन्यावर होतो. जिन्यावरून बोललेलं कुणी धरू नये."

सत्कार ठरल्या वेळी झाला. तो थांबवायला सरांनी प्राचार्यांना दोनदा फोन केला, पण बॅनर छापून झालं होतं. पडद्यावर कॉलेजचा हॉल दिसत होता. व्यासपीठावरच्या खुर्चीत सरांचा बी.एस्सी.चा फोटो मांडून त्याला शाल पांघरली होती, पुढे नारळ ठेवला होता, आणि प्राचार्यांनी दीप लावून झाल्यावर फोटोला झेंडूचा हार घातला.

आमच्या बाजूचा आवाज चालू होता. "अवं माय! जित्या माणसाच्या फोटोले हार घालून राह्यले हे!" आजी किंचाळल्या. "काढा तो! अरे काढा म्हणते ना!"

हॉलमध्ये गडबड झाली. हार काढून नारळाला घातला गेला. प्राचार्यांनी घसा साफ केला. ते म्हणाले की हिमालयात बसून ऋषींनी जे शून्य अनुभवलं तेच आज आपल्या मातीतल्या या तपस्व्याने आयर्लंडमध्ये, एका आसनावर बसून, सिद्ध केलं. मी सरांकडे पाहिलं. ते फोन हातात धरून चालत होते. हॉलमधल्या लोकांना आमचं छत, जिना, पुन्हा छत असं काहीसं दिसत असणार.

त्यांच्यावर वेळ आली तेव्हा ते म्हणाले, "माझा आकडा चुकला आहे. एक रकाना रिकामा होता. खरं उत्तर अजून यायचं आहे, ते उलटंही असू शकतं. म्हणून हा सत्कार आपण मागे घ्यावा, ही विनंती."

मग प्राचार्य सद्गदित होऊन म्हणाले, "याला म्हणतात विनम्रता!" आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. सर पुन्हा म्हणाले, की विनम्रता नव्हे, खरंच चुकलं आहे. टाळ्या वाढल्या. दुसऱ्या दिवशी पेपरात मथळा आला: 'एवढे यश, पण पाय जमिनीवर'. त्यातला पायांचा भाग तरी खरा होता.

दोन दिवसांनी उत्तर आलं. अधिक एकशे शहात्तर. ते रेणू टोळी करत नाहीत. तरी ते नाहीसे होतातच. का, ते कोडं जसंच्या तसं राहिलं.

सर स्वयंपाकघरात आले. "अधिक," म्हणाले.

"अधिक म्हंजे चांगलंच ना?" आजींनी विचारलं.

"हो," सर म्हणाले आणि ओट्यापाशी उभं राहून जेवले.

प्रोफेसरबाईंनी फार चांगलं पत्र लिहिलं. इतक्या प्रामाणिक माणसाबरोबर काम करायला मिळालं याचा अभिमान वाटतो, असं त्यात होतं. आणि करार जूनअखेर संपतो, असंही होतं. चूक माझ्या प्रोग्रॅमची होती हे सांगायला मी एक दिवस बाईंचा नंबर शोधून फोन करायला निघाले होते. सरांना ते कसं कळलं माहीत नाही. जिन्याच्या अर्ध्यात उभे राहून म्हणाले, "खरं सांगायचं तर सगळं सांगावं लागेल. आईची परातही." मी फोन ठेवला. आजही ही गोष्ट लिहिताना मला नीट ठरवता येत नाही, की मी त्यांचं ऐकलं की स्वतःला वाचवलं.

उन्हाळ्यात त्यांना सीमेजवळच्या एका गावातल्या कॉलेजात प्रयोगशाळा सांभाळायचं काम मिळालं. परवाना टिकला, शून्य सुटलं. तिथे पहिल्या वर्षाची मुलं बर्फ वितळताना थर्मामीटर काय दाखवतो ते बघतात. काम उभ्याचं आहे, असं ते समाधानाने म्हणाले. जाताना दोन्ही कॉम्प्युटर माझ्याकडे ठेवून गेले, टॉवेलांसाठी. ते चालवायला मला कुठलं गणित सुचलं नाही. मी हीटिंग लावू लागले.

आजी सप्टेंबरात अमरावतीला परत गेल्या. निघताना शेजारच्या बाई गुडघ्यावर चालत, म्हणजे बऱ्या झालेल्या गुडघ्याने चालत, कुंपणापाशी आल्या आणि दोघी एकमेकींच्या भाषेत बराच वेळ बोलल्या. सीगल भिंतीवर बसून होता. आजींनी माझ्या हातात एक घट्ट झाकणाचा डबा दिला. "मुंगवड्या हायेत. जानेवारीतल्या. तुह्यासाठी ठिवल्या होत्या," त्या म्हणाल्या. "इथं ऊन नाई म्हनत होती ना तू? पाह्य कशा वाळवल्या त्या."

मी त्यांच्या पाया पडले. सर गाडीभोवती तिसरी फेरी मारत होते. त्यांनी डब्याकडे पाहिलं आणि फेरी पुढे चालू ठेवली.

ऑक्टोबरात एका रविवारी मी तो डबा उघडला. सांडगे वरून कडक होते, आतून ओले, आणि मधोमध हिरवी बुरशी. परात ठेवल्यापासून चौथ्या दिवशी मशीन बंद पडलं असावं. सांडगे वाळायला सहा दिवस लागतात.